जावयाच्या घराण्याचा मूळ पुरुष कुठला धरायचा? वंशवृक्षात लिहायचंय, मदत हवी

सुरसागरकाठ (बडोदा)

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक प्रश्न कुलदैवताचे, गोत्राचे, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या नामावळीचे असतात, माझा जरा लांबचा आहे पण ज्यांना यातलं कळेल अशी माणसं मला इथेच माहीत आहेत म्हणून विचारते.

माझी मुलगी कॅनडात मॉन्क्टनला असते, जावई तिकडचेच, आडनाव मेलान्सन. ही अकेडियन मंडळी, म्हणजे सतराव्या शतकात फ्रान्सहून जाऊन आत्ताच्या नोव्हा स्कॉशियात वसलेल्या लोकांचे वंशज, घरात अजून फ्रेंच बोलतात. नात आता दहा महिन्यांची आहे. तिच्या पहिल्या वाढदिवसाला वंशवृक्ष द्यायचं मी ठरवलंय, झाड एकच, एका अंगाला आमचं घराणं आणि दुसऱ्या अंगाला त्यांचं. दांडिया बाजारातले एक पेंटर कापडावर हाताने रंगवून देतायत, बुंधा झाला, फांद्या झाल्या, आता पानांवर नावं घालणं चाललंय.

आमच्या बाजूला काही प्रश्नच नाही. सासऱ्यांनी वहीत सगळं लिहून ठेवलेलं आहे, अलिबागच्या खारेपाटातून गायकवाडीत नोकरीला आलेला मूळ पुरुष आणि तिथून पुढे नऊ पिढ्या. त्यांच्या बाजूलासुद्धा खालची पानं पटापट भरली कारण तिकडे चर्चची रजिस्टरं आहेत, पण सगळ्यात वर दोन भाऊ येतात, पिएर आणि शार्ल मेलान्सन, आणि त्यांच्यावर गाडी अडते. जावयाची आजी म्हणते आपण मुळचे स्कॉटलंडचे, तिच्या आजीने तिला तसं सांगितलं होतं. जावयाचे काका म्हणतात काहीतरीच काय, आपण फ्रेंच, ला रोशेलचे. आणि त्यांच्या कुणा नातेवाईकाने टाईप केलेला एक जुना कागद आहे त्यात या भावांचा बाप म्हणून जर्मं दूसे असं नाव घातलंय, तो तिकडच्या फ्रेंच वसाहतीतल्या पोर्ट रॉयलच्या किल्ल्याचा अधिकारी होता म्हणे.

तीन माणसं तीन गोष्टी सांगतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच खरं. ख्रिसमसच्या जेवणाला यावरून चांगलंच वाजलं असं मुलगी म्हणाली. मला कुणाला दुखवायचं नाही, पण नातीला खोटंही द्यायचं नाही. आमच्याकडे मूळ पुरुषाच्या पानावर मूळ गाव लिहितात तसं त्यांच्या पानावर काय लिहू? पेंटर एक दिवसाआड फोन करतायत.

लष्करकर (ग्वाल्हेर)

ताई, अकेडियन लोकांबद्दल मला फार माहिती नाही, पण तुमच्या या भांडणाची जातकुळी चांगली ओळखीची आहे, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुठल्याही मराठी घरात विचारा, तुमचे पूर्वज कधी आले, तर उत्तर एकच, महादजी शिंद्यांबरोबर. आमच्या घरातही तेच ऐकत मोठा झालो. मग मी मोडी शिकलो, त्र्यंबकेश्वरला जाऊन आमच्या उपाध्यायांकडची नामावळी काढून बघितली, तर त्यात शके १७२६ ची, म्हणजे १८०४ ची आमच्या पूर्वजाची नोंद मिळाली आणि नावापुढे स्वच्छ लिहिलेलं, वस्ती उज्जन, म्हणजे उज्जैन. महादजी वारले १७९४ ला. दौलतरावांनी ग्वाल्हेरला लष्कर वसवलं १८१० च्या सुमाराला, त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैन. म्हणजे आमचे पूर्वज आले ते दौलतरावांच्या पदरी, तेही उज्जैनवरून. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

सांगायचं हे की घरातली गोष्ट नेहमी मोठ्या नावाकडे ओढली जाते. आमच्याकडे महादजी तसा तुमच्या व्याह्यांकडे तो किल्ल्याचा अधिकारी. त्या टाईप केलेल्या कागदाकडे मी पहिल्यांदा संशयाने बघेन. तो कागद कुणी लिहिला, कधी लिहिला आणि कशाच्या आधारावर, हे विचारून घ्या. आधार सांगता येत नसेल तर तो कागद बाजूला ठेवायचा, कितीही सुबक टाईप केलेला असला तरी.

आणि ला रोशेल हे बंदर आहे ना? मग बोट तिथून सुटली एवढंच त्यातून कळतं. इकडचा माणूस विलायतेला गेला तर तिकडचे म्हणणार बॉम्बेहून आला, म्हणून तो काय मुंबईचा होत नाही.

हॅलिफॅक्सचा बडोदेकर

काकू नमस्कार, मी मूळचा रावपुऱ्यातला, गेली अकरा वर्षं हॅलिफॅक्सला आहे. नोव्हा स्कॉशियाचं सरकारी दफ्तरखाना इथेच आहे आणि मला या अकेडियन घराण्यांचा नादच लागलाय. ऑफिसमधल्या एकाचं आडनाव मेलान्सन, त्याच्यामुळे या घराण्याचं बरंच वाचून झालंय. सविस्तर लिहितो, लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी दूसेचं निकालात काढू कारण ते सोपं आहे. तिकडे बऱ्याच जणांना एक टोपणनाव असायचं, फ्रेंचमध्ये त्याला दी म्हणतात, सैन्यातून आलेली नावं बरीच. जर्मं दूसेचं टोपणनाव होतं लाव्हेर्द्यूर, म्हणजे हिरवळ. आणि मेलान्सन भावांच्या बापाचं नाव कागदोपत्री येतं पिएर लाव्हेर्द्यूर. झालं, कुणीतरी दोन हिरवळी एक केल्या. आपल्याकडे दोन फडणीस दिसले की भाऊबंद ठरवून टाकतात तसंच. पण तारखा बघा. दूसे पोर्ट रॉयलचा किल्ला सांभाळत होता, १६५४ ला इंग्रज सेजविकने तो घेतला, दूसेने शरणागती दिली आणि तो फ्रान्सला परत गेला. पिएर लाव्हेर्द्यूरचं कुटुंब आलं १६५७ ला असं धरलं जातं, इंग्रज गव्हर्नर टॉमस टेम्पलबरोबर. एक फ्रेंचांच्या बाजूने लढून निघून गेला, दुसरा तीन वर्षांनी इंग्रजांच्या जहाजातून उतरला. हे दोघे एक असूच शकत नाहीत.

आता आजींचं स्कॉटलंड. हे त्यांच्या आजीने उगाच रचलेलं नाही बरं का, याला कागद आहे. १७५५ पासून इंग्रजांनी अकेडियन लोकांना घरादारातून काढून जहाजात कोंबून देशोधडीला लावलं, पुढच्या सात आठ वर्षांत दहा हजारांच्या वर माणसं गेली, गावं जाळली. त्यातली काही फिरत फिरत फ्रान्सला पोचली आणि १७६५ ला ७८ कुटुंबं ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ बेल-ईल नावाच्या बेटावर वसवली गेली. यांची जन्ममरणाची रजिस्टरं तिकडेच राहिलेली, म्हणून १७६७ ला सरकारी हुकमाने प्रत्येक कुटुंबप्रमुखाची जबानी घेतली, तुझा बाप कोण, आजा कोण, पहिला माणूस कुठून आला. या जबान्या आजही आहेत आणि अकेडियन घराण्यांसाठी सोन्यासारख्या आहेत. बहुतेक जण नुसतं फ्रान्सहून आला एवढंच सांगतात, मेलान्सनच्या बाबतीत स्कॉटलंड येतं. पण काकू, भाऊ आले १६५७ ला आणि जबानी १७६७ ला. मधे एकशे दहा वर्षं. सांगणारा माणूस नातीचा नाहीतर पणतीचा नवरा, तोही घर उद्ध्वस्त होऊन बारा वर्षं बंदराबंदरातून हिंडलेला. शिवाय टेम्पल हा इंग्रजांच्या लेखी नोव्हा स्कॉशियाचाच गव्हर्नर, आणि नोव्हा स्कॉशिया म्हणजे नवं स्कॉटलंड. स्कॉटलंड हा शब्द घराण्याला तिथूनही चिकटला असेल असं मला वाटतं, हे माझं मत आहे, पुरावा म्हणून घेऊ नका.

सगळ्यात जवळचा पुरावा वेगळाच आहे आणि तो बॉस्टनचा आहे. १६६७ ला ब्रेडाचा तह झाला, अकेडिया, म्हणजे या लोकांची ती वसाहत, फ्रान्सला परत द्यायचं ठरलं, ताबा मिळाला १६७० ला. फ्रेंच राज्य म्हणजे कॅथलिक राज्य, म्हणून पिएर लाव्हेर्द्यूर आणि त्याची बायको बॉस्टनला निघून गेले. पिएर आणि शार्ल हे दोघे मुलगे मात्र मागे राहिले, त्यांनी तिकडच्या कॅथलिक मुलींशी लग्नं केली होती. शार्लची बायको मारी द्युगा, पिएरची मार्गरीट म्युस दांत्रमाँ, तिचा बाप मोठा जमीनदार. तर बॉस्टनला नवरा वारल्यावर या आईने १६७७ ला तिथल्या सरकारकडे अर्ज केला. तिचं नाव प्रिसिला. त्यात ती सांगते की माझा नवरा फ्रेंच आणि प्रोटेस्टंट होता, मी इंग्रज आहे, आणि कॅथलिकांच्या लढायांच्या भीतीने आम्ही सेंट जॉनच्या किल्ल्यावरून इकडे आलो.

म्हणजे काका म्हणतात फ्रेंच, ते बापाच्या बाजूने बरोबर. पण तो ला रोशेलहून फ्रेंच वसाहतीत आलेला कॅथलिक शेतकरी नव्हे, तो ह्यूगनो म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, इंग्रज बायको केलेला आणि इंग्रजांबरोबर आलेला. ह्यूगनो फार मोठ्या संख्येने इंग्लंडला जाऊन राहिले होते, त्यामुळे यात नवल काही नाही. फ्रान्समधलं गाव कुठलं ते या अर्जात नाही.

सुरसागरकाठ (बडोदा)

बापरे, केवढं लिहिलंत. जेवण बाजूला ठेवून वाचलं. एक विचारू का, मेलान्सन नाव मग आलं कुठून? बाप लाव्हेर्द्यूर आणि मुलगे मेलान्सन? शेवटचं सन ऐकायला इंग्रजीच वाटतं.

हॅलिफॅक्सचा बडोदेकर

यावर बरेच तर्क आहेत, मॅलिन्सन वगैरे इंग्रजी नावांशी जोडतात. मी नावाच्या उच्चारावरून गाव शोधायच्या फंदात पडत नाही काकू. तिकडचे पाद्री कानाला ऐकू येईल तसं लिहायचे, एकाच माणसाचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हेने सापडतं.

पण या पिएरची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. १६७१ ला फ्रेंचांनी पहिली खानेसुमारी केली, लोराँ मोलँ नावाचा पाद्री घरोघर गेला, सगळ्या वसाहतीत मिळून माणसं चारशेच्या आसपास. नाव, वय, धंदा, मुलं, गुरं किती, जमीन किती असं लिहून घेतलं. शार्लने नीट सांगितलं, वय २८, बायको मारी, चार मुली. पिएरच्या पुढे मोलँ लिहितो, शिंपी, आणि यांनी वय सांगायला नकार दिला, गुरं आणि जमीनही सांगेनात, आणि यांच्या बायकोने मलाच विचारलं की असल्या गोष्टींसाठी रस्तोरस्ती हिंडायला तुम्हाला वेड लागलंय का. साडेतीनशे वर्षं झाली, त्या बाईचा आवाज अजून त्या कागदातून ऐकू येतो. पिएरने एवढं का लपवलं असेल? आईबाप आत्ताच बॉस्टनला गेलेले, राज्य बदललेलं, आपण इंग्रजांबरोबर आलेले. मला तर त्याची धास्ती समजते. त्याने त्या दिवशी वय सांगितलं असतं तर आज आपल्याला केवढी मदत झाली असती.

प्रयोगशाळा_इंदूर

एवढी चर्चा कशाला, जावयांची डीएनए टेस्ट करा, पुरुष बाजूची वाय क्रोमोसोम वाली. महिन्या दोन महिन्यांत रिझल्ट येतो.

लष्करकर (ग्वाल्हेर)

टेस्टमधून गावाचं नाव येतं का पण?

प्रयोगशाळा_इंदूर

गाव नाही येत, ते खरं. पण कोण कोणाचा नाही हे फार पक्कं कळतं आणि वर ज्या दूसेचं नाव निघालंय त्यांच्याच घराण्यात हे झालंय म्हणून सांगतो, मी हे विद्यार्थ्यांना शिकवताना वापरतो. बापाचा वाय क्रोमोसोम मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, म्हणून एका मूळ पुरुषाच्या सगळ्या पुरुष वंशजांचा वाय जुळायला पाहिजे. दूसेंच्या दोन शाखा आहेत, एक पिएर दूसेची आणि एक धाकट्या जर्मं दूसेची, दोघेही त्या किल्लेदाराचे मुलगे असं सगळे धरून चालले होते. वंशजांच्या टेस्ट केल्या तर पिएरच्या शाखेचा वाय युरोपात नेहमी सापडतो तो, आणि धाकट्या जर्मंच्या शाखेचा निघाला उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. म्हणजे धाकटा जर्मं रक्ताने किल्लेदाराचा मुलगा नव्हता, बहुधा दत्तक घेतलेला किंवा घरात वाढवलेला. साडेतीन शतकं कुणाला पत्ता नव्हता.

म्हणून म्हणतो, मेलान्सन वंशजांची टेस्ट दुसऱ्या कुठल्या इंग्रज किंवा फ्रेंच घराण्याशी जुळली तर दिशा मिळेल. फक्त पिएर आणि शार्ल दोन्ही शाखांतले पुरुष घ्या, एकट्या जावयांच्या टेस्टवरून काही ठरवू नका.

हॅलिफॅक्सचा बडोदेकर

हे अगदी खरं आहे, दूसेंचं उदाहरण इथे सगळे देतात. फक्त एक, टेस्ट करायच्या आधी घरच्यांना नीट विचारा काकू. दूसे मंडळींत काहींना फार आनंद झाला आणि काहींना त्रास झाला, दोन्ही मी ऐकलंय. वाढदिवसाच्या भेटीसाठी घाईने करायचं हे काम नाही.

कागदासाठी अजून एक, पोर्ट रॉयलच्या चर्चची १७०२ ते १७५५ ची रजिस्टरं टिकून राहिली आहेत आणि आमच्या इथल्या दफ्तरखान्याने ती ऑनलाईन ठेवली आहेत, मूळ पानांच्या फोटोंसकट. ग्राँ प्रे गावची रजिस्टरं तर लोकांनी परागंदा होताना बरोबर नेली आणि ती थेट लुईझियानात पोचली. विचार करा, काय घेऊन निघू आणि काय टाकू अशा वेळेला कुणीतरी ती वही उचलली.

आणि शार्लची वाडी होती ती जागा बघता येते, ॲनापोलिस रॉयल, म्हणजे जुनं पोर्ट रॉयल, तिथून जवळच, नदीकाठी. तिथे खोदकाम करून घरांच्या जागा शोधल्या आहेत, राष्ट्रीय स्मारक आहे. मी गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. खाली भरतीचं पाणी येणारी गवताळ दलदल, तिच्या कडेने या लोकांनी मातीचे बांध घालून शेती केली. बांधाच्या पोटात लाकडाचा पन्हाळ असतो आणि त्याला एक झडप, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरती आली की झडप आपोआप मिटते. पावसाने दोन तीन वर्षांत जमिनीतला खार धुऊन गेला की तिथे गहू. फ्रेंच लोक त्याला अबोआतो म्हणतात.

सुरसागरकाठ (बडोदा)

अहो, ही तर उघाडी! आमच्या खारेपाटात अगदी हेच. खारबंदिस्ती म्हणतात, समुद्राच्या अंगाला बांध आणि त्यात उघाडी, भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते, आणि आत भात. सासरे सांगायचे की बांधाला खांड पडली की रात्री अपरात्री सगळं गाव घमेली घेऊन धावायचं, कुणाचं शेत वगैरे बघायचं नाही. मी लग्नानंतर एकदाच गेले होते गावी, तेव्हा सासऱ्यांनी हाताला धरून बांधावर नेलं होतं आणि उघाडीची फळी दाखवली होती, काळी पडलेली, शेवाळलेली, खाली पाणी गुळगुळ आवाज करत होतं. मला काय माहीत जावयाचे पूर्वज पण तेच करत होते.

सुरसागरकाठ (बडोदा)

मंडळी, सहा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

रविवारी व्हिडिओ कॉल केला, मुलगी जावई, आजी, काका सगळे एकत्र. हॅलिफॅक्सच्या दादांनी लिहिलेलं मुलीने त्यांना फ्रेंचमध्ये सांगितलं. मला भीती होती आजींना वाईट वाटेल, पण बेल-ईलच्या जबान्यांमध्ये स्कॉटलंड आहे हे ऐकल्यावर त्यांचे डोळेच भरून आले. त्या म्हणाल्या म्हणजे माझी आजी खोटं बोलत नव्हती, तिने जे ऐकलं तेच मला दिलं. काकांनी थोडी हुज्जत घातली, मग प्रिसिलाच्या अर्जाचं दोनदा वाचून घेतलं आणि गप्प बसले. बापाची बाजू फ्रेंच म्हटल्यावर जरा खुलले. टाईप केलेल्या कागदाला आधार काय ते कुणालाच सांगता आलं नाही, त्यामुळे दूसेंचं नाव काढलं. डीएनएचं जावई म्हणाले सावकाश बघू, शार्लच्या शाखेतला एक लांबचा भाऊ त्यांच्या माहितीत आहे.

मग मी एक धीर करून विचारलं. आमच्या वहीत मूळ पुरुषाच्या पानावर त्याच्या बायकोचं नाव नाही, सासऱ्यांनाही ते मिळालं नव्हतं, जागा कोरी आहे. तुमच्याकडे तर बाईचं नाव आहे, नुसतं नाव नाही, घराणं कुठलं हे सांगणारे तिचे स्वतःचे शब्द आहेत. मग सगळ्यात वरच्या पानावर एकटा पिएर कशाला? सगळ्यांना पटलं, आजींना सगळ्यात जास्त.

लष्करकर दादा, तुम्ही कोण, कधी, कशाच्या आधारावर विचारायला सांगितलंत ना, तेच पानावर बारीक अक्षरात घालायचं ठरवलंय. मजकूर असा दिलाय पेंटरना: पिएर लाव्हेर्द्यूर, फ्रेंच, प्रोटेस्टंट, आणि प्रिसिला, इंग्रज, तिच्या १६७७ च्या बॉस्टनच्या अर्जावरून. त्याखाली: वंशजांच्या १७६७ च्या जबानीत स्कॉटलंड. मूळ गाव म्हणून जी ओळ असते ती ओळ आखून मोकळी ठेवायला सांगितली.

लष्करकर (ग्वाल्हेर)

उत्तम केलंत ताई. मोकळ्या ओळीवर कापडात शाईऐवजी पेन्सिलीला जागा ठेवायला सांगा, रंगाचा हात दिला की त्यावर नंतर लिहिता येत नाही. आमच्या वंशवृक्षाला फ्रेम केली आणि आता उज्जैन कुठे घालायचं हा प्रश्न आहे.

सुरसागरकाठ (बडोदा)

बरं झालं सांगितलंत, आत्ताच फोन करून सांगितलं. तेवढी पट्टी ते कोरीच ठेवतायत.

आणि बुंध्याच्या खाली नुसती माती रंगवलेली होती, तिथे दोन्ही अंगांना बांध काढायला सांगितलाय. पेंटर बडोद्यातच वाढलेले, त्यांनी समुद्राचा बांध कधी बघितला नाही, म्हणून हॅलिफॅक्सच्या दादांनी त्या जागेचे जे फोटो पाठवले ते आणि सासऱ्यांच्या वहीत त्यांनी पेनने काढलेली उघाडी, असं दोन्ही घेऊन उद्या सकाळी त्यांच्याकडे जातेय.